फाय म्हणजे करणे

“टाक. तिथंच टाक खाली.”

काकू जिन्याच्या तोंडाशी उभ्या होत्या. मी गच्चीवर. माझ्या दोन्ही हातांत त्यांचं धुणं होतं. छातीशी कवटाळलेलं, हनुवटीनं दाबून धरलेलं. एक लुगडं, एक धोतर आणि पंचे. भोवती आंधी सुटली होती. जयपूरची मे महिन्यातली आंधी ज्यांनी खाल्ली आहे त्यांना सांगायला नको. आधी आभाळ पिवळं पडतं, मग तपकिरी होतं, मग नुसती वाळू. डोळ्यांत, दातांत, केसांत. पण मी वेळेवर पोचले होते. धुण्याला वाळूचा कण लागू दिला नव्हता. मी खुशीतच जिन्याकडे निघाले होते.

“काकू, सगळं सुकलंय,” मी ओरडून सांगितलं.

“टाक म्हणते ना! कुणी सांगितलं होतं तुला हात लावायला?”

मला कळेना. टाकायचं कुठं? पायाखाली तर वाळूच होती. मी म्हटलं, “खराब होतील, काकू.”

“झालेत ते खराब.”

मी हात सोडले. लुगडं पायांशी पडलं. धोतर वाऱ्यानं ओढत नेलं आणि कठड्याला जाऊन अडकलं. काकूंनी कोपऱ्यातला लांब बांबू घेतला. बांबूच्या टोकानं एकेक कपडा उचलला आणि बादलीत सोडला. हातानं नाही. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “तू आता खाली जा. इकडून नको. भिंतीला लागून जा.”

मी भिंतीला लागून गेले. अंग चोरून, पोट आत ओढून. त्यांच्या पदराला माझा वारा लागू नये म्हणून श्वाससुद्धा धरला होता. तो श्वास मी का धरला, ते मला कुणी सांगितलं नव्हतं. आपोआप धरला गेला. आज सगळ्यात जास्त तेच खुपतं.

तेव्हा मी नववीत होते. बाबा फौजेत हवालदार होते, बदली होऊन आम्ही जयपूरला आलो होतो. आमचं गाव वाशीमच्या बाजूला. पण गाव मी पाहिलं होतं ते सुट्टीत, पाहुण्यासारखं. वाढले ते छावण्यांमध्ये. घरात वऱ्हाडी, क्वार्टरांच्या लाइनीत हिंदी, शाळेत हिंदी. देवनागरी मी हिंदीतून शिकले. छापील मराठी वाचायला लागले की अडखळायचे आणि आई हसायची.

बाबांना एकच वेड होतं. पोरीला इंग्रजी आली पाहिजे. फौजेत आपण पुढं सरकलो नाही ते इंग्रजीपायी, असं त्यांच्या मनानं घेतलं होतं. साहेब काहीतरी भराभर बोलायचा आणि बाबा नुसते ‘जी साब’ म्हणत उभे राहायचे. घरी आले की त्या वाक्यांतले लक्षात राहिलेले तुकडे मला विचारायचे. “हे काय असते वं, बाई?” मला तरी कुठं येत होतं? माझी शाळा हिंदी माध्यमाची. इंग्रजीच्या सरांना स्वतःलाच इंग्रजीची धास्ती.

जयपुरात मराठी माणसं थोडी. बँकेतले, विमा कंपनीतले, केंद्र सरकारच्या कचेऱ्यांतले अधिकारी आणि आमच्यासारखे फौजी. गणपतीत सगळे एकत्र यायचे. तिथं बाबांना अण्णा भेटले. अण्णा म्हणजे पुण्यात जन्मभर इंग्रजी शिकवून निवृत्त झालेले प्रोफेसर. मुलगा मोठ्या हुद्द्यावर, त्याचा सिव्हिल लाइन्समध्ये सरकारी बंगला, म्हणून अण्णाही तिथं राहायचे. काकू त्यांची सून. मराठी ऐकून बाबांना इतकं भरून आलं की ते समोरच्याच्या हुद्द्याचं भान विसरून बोलत सुटले. माझ्या इंग्रजीचा विषय काढला. अण्णा म्हणाले, “पाठवा की. मला तरी दुपारी काय उद्योग असतो?”

काकू शेजारीच होत्या. त्यांनी विचारलं, “आडनाव काय तुमचं?” बाबांनी सांगितलं. “गाव कुठलं?” तेही सांगितलं. मग म्हणाल्या, “गावात घर कुठल्या अंगाला?” हे तीन प्रश्न आपल्याकडे लोकांना पाठ असतात, महाराष्ट्र सोडून कितीही लांब जावोत. बाबांनी मान खाली न घालता घर कुठल्या अंगाला ते सांगितलं. काकू लगेच हसल्या. “अस्सं होय. आम्ही काही मानत नाही हं तसलं.”

बाबा खूश झाले. घरी येऊन आईला सांगितलं, “मोठ्या मनाचे लोक हायेत.” आई भाकरी थापत राहिली.

मी जायला लागले. शाळा सुटली की बाबांच्या जुन्या सायकलवरून, रेल्वेचं फाटक ओलांडून, सिव्हिल लाइन्सच्या सावलीतल्या रस्त्यानं. बंगल्यांच्या आवारात मोर फिरायचे. अण्णांचा वर्ग व्हरांड्यात. मला व्हरांडा आवडायचा. कडुनिंबाची हवा यायची. घरात कधी बोलावलं नाही हे माझ्या ध्यानातही आलं नाही, कारण अण्णा शिकवायला लागले की मला कशाचंच भान राहायचं नाही. खोटं कशाला सांगू? तसा मास्तर मला पुन्हा भेटला नाही. शब्द ते नुसता पाठ करू द्यायचे नाहीत. शब्द कुठून आला, वाटेत कुणाकुणाच्या घरी राहिला, त्याचं रूप कसं बदललं, सगळं सांगायचे. माझी मराठीही ते दुरुस्त करायचे. “मले नाही गं, मला. हाय नाही, आहे.” मी दुरुस्त करून घ्यायचे. मला लाज वाटायची माझ्या बोलीची. आत्ता तुम्ही वाचताय ती मराठी मी त्याच व्हरांड्यात शिकले.

आंधी आली त्या दुपारी अण्णा ‘फाय’ शिकवत होते.

“सिम्पल म्हणजे सोपं. सिम्प्लिफाय?”

“सोपं करणे.”

“शाब्बास. ब्युटी, सौंदर्य. ब्युटिफाय, सुंदर करणे. टेरर, भय. टेरिफाय, भयभीत करणे. आता हा फाय कोण?”

 अण्णांचे डोळे लुकलुकले. एखादी चांगली गोष्ट सांगायची असली की ते तसेच लुकलुकायचे.

“हा मूळचा इंग्रज नव्हे. लॅटिन. लॅटिनमध्ये फाकेरे म्हणजे करणे, बनवणे. दुसऱ्या शब्दाला जोडला की त्याचं व्हायचं फिकारे. तो फ्रान्समध्ये आला, तिथं झिजला, फिए झाला. पुढं तिकडची माणसं इंग्लंडात राज्य करायला गेली, त्यांच्याबरोबर हाही गेला. आणि तिथं झाला फाय. नाव बदललं, काम तेच. करणे.” मग त्यांनी बोट वर केलं. “एक लक्षात ठेव. शब्दाच्या शेवटी फाय दिसला की समजायचं, हे आपोआप झालेलं नाही. कुणीतरी केलेलं आहे. मागे कर्ता उभा असतोच.”

मला हे इतकं आवडलं की मी मनातल्या मनात फाय शोधत सुटले. बाबांच्या ऑफिसात लावतात ते नोटिफिकेशन, त्यात फाय आहे का? अण्णा म्हणाले, आहे. माहीत करून देणे. मला वाटलं, आज घरी जाऊन बाबांना हे सांगायचं. त्यांच्या ऑफिसातला शब्द मी उघडून दाखवणार होते.

अण्णा चहाला आत गेले. काकू आत झोपल्या होत्या. मी व्हरांड्यात एकटी. आणि झाडं एकदम थांबली. आंधीच्या आधी तसं होतं. मोर ओरडायला लागले. मी उठून बाहेर पाहिलं तर पश्चिमेकडून पिवळी भिंत चालत येत होती.

आता आमच्या लाइनीतली रीत सांगते. छावणीत क्वार्टरांची रांग असते, आणि सगळ्यांचं धुणं समोरच्या एकाच मैदानात, तारांवर. आंधी आली की जी बाई घरात असेल ती पळते आणि सगळ्यांचं धुणं काढते. तुझं-माझं नाही. पंजाबणीची सलवार, मद्राशिणीची लुंगी, गढवालणीच्या पोराची चड्डी, माझ्या आईचं पातळ, सगळं एका कवेत. वाळू बसली की मग बाजेवर तो ढीग टाकून बायका वाटे करतात. “ये किसका? ये फटा हुआ किसका?” हसून हसून मुरकुंडी वळते. पोरींना हे लहानपणापासून अंगात मुरलेलं. आभाळ पिवळं दिसलं की आमचे पाय आपोआप धुण्याकडे पळतात. जी पोरगी पळाली नाही तिला संध्याकाळी बोलणी बसतात.

मी पळाले. बंगल्यामागून जिना होता, त्यानं थेट गच्चीवर. तिथं एक तार फार उंचावर बांधलेली होती आणि कपडे बांबूनं वर चढवलेले. ही तार मी खालूनही पाहिली होती. मला वाटायचं, माकडांमुळे इतकी उंच बांधलीय. जयपुरात माकडं काय उच्छाद मांडतात! सोवळं हा शब्दच आमच्या घरात नव्हता. कुणी धुऊन, पिळून, वेगळ्या तारेवर घातलेला कपडा दुसऱ्यानं शिवायचा नसतो, हे मला कोण सांगणार? आईला सांगावंसं वाटलं नसेल. बाबा तर ते सगळं गावच्या वेशीवर सोडून आलो असं मानत होते. मी बादली पालथी घातली, तिच्यावर चढले आणि एकेक कपडा ओढून घेतला. वारा मला ढकलत होता. मी पडता पडता वाचले. आणि वळले, तर काकू.

त्यापुढचं सांगितलंच आहे.

मी खाली व्हरांड्यात येऊन बसले. आंधी अर्धा-पाऊण तास चालली असेल. मी वहीवर डोकं टेकवून बसले होते. रडत नव्हते. मला वाटत होतं, माझे हात घाण असतील. मी हात उलटसुलट करून पाहिले. शाईचा एक डाग होता. त्या डागामुळे असेल, असं मी स्वतःला समजावलं. लुगड्याला शाई लागली असेल. माणूस आपल्या अपमानाला कुठंकुठं कारण शोधतो बघा.

वारा पडला तशी काकूंची मुलगी रोहिणी बाहेर आली. माझ्याच वयाची, कॉन्व्हेंटात जायची. चांगली होती ती. माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, “अगं, उद्या पणजोबांचं श्राद्ध आहे ना, म्हणून आई चिडली. सोवळ्यातलं होतं ते. माझाही हात लागला होता मागे. तेव्हाही ओरडलीच. परत पिळून टाकलंन, झालं.”

मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! म्हणजे ते माझ्या एकटीसाठी नव्हतं. घरच्या मुलीलाही तोच नियम. मी डोळे पुसले.

तेवढ्यात मागून पाण्याचा आवाज आला. कामाला भंवरीबाई यायची, ती बादल्या उपसत होती. मी कोपऱ्यावरून पाहिलं. ती जिना धुत होती. वरच्या पायरीपासून खालपर्यंत, मी जिथून चढले आणि उतरले तेवढंच. व्हरांड्यात वाळूचा थर होता, तिकडे कुणी पाहिलं नव्हतं. आतल्या खोल्यांतही वाळू होती. धुतला जात होता तो जिना. भंवरीबाई म्हणाली, “बीबीजी, जीना क्यों धोना? झाड़ू मार देती हूँ।” वरून काकूंचा आवाज आला, “धोओ, बस. और ऊपर आके तार भी पोंछना।”

मे महिना. नळाला सकाळी जेमतेम पाणी यायचं. आमच्या लाइनीत टँकरची वाट बघत बायका उन्हात उभ्या राहायच्या. आणि इथं माझ्या पावलांवर बादल्या ओतल्या जात होत्या.

मी रोहिणीला विचारलं, “तुझा हात लागला तेव्हा जिना धुतला होता?”

 तिनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं आणि ती आत गेली.

अण्णा बाहेर आले. खुर्ची झटकली. त्यांना सगळं माहीत होतं, कारण काकू मोठ्यानं बोलत होत्या आणि अण्णांचे कान तिखट. मला वाटलं, आता अण्णा काहीतरी म्हणतील. मला किंवा काकूंना. ज्या माणसाला एक शब्द इतके देश फिरून आलेला दिसतो, त्याला मागचा जिना दिसेलच. माझी अशी खात्री होती.

“हं,” अण्णा म्हणाले, “कुठं होतो आपण? फाय. आता घे प्युअर. शुद्ध. प्युरिफाय?”

“शुद्ध करणे.”

“वाक्य कर.”

मला सुचेना.  अण्णांनी वर गच्चीकडे मान उडवली आणि मिश्कील हसले. “अगं, आयतं उदाहरण आहे की. काकू वर काय करतेय? म्हण. शी इज प्युरिफाइंग द क्लोद्स.”

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांच्या तोंडावर जराही दुष्टपणा नव्हता. मास्तरला चांगलं उदाहरण सापडल्याचा आनंद होता, दुसरं काही नाही.

“म्हण ना.”

मी म्हटलं. शी इज प्युरिफाइंग द क्लोद्स. वर कपडे आपटल्याचा आवाज येत होता. त्यांनी माझा उच्चार सुधारला आणि पुन्हा म्हणायला लावलं. मी पुन्हा म्हटलं. माझ्याच तोंडानं, स्वच्छ इंग्रजीत. लाज कशाला म्हणतात ते मला गच्चीवर कळलं नव्हतं, ते त्या खुर्चीत कळलं. वही ओली झाली. अण्णांना वाटलं घाम.

पण त्यांनीच शिकवलेलं डोक्यात घुमायला लागलं होतं. आपोआप झालेलं नाही. कुणीतरी केलेलं आहे. शुद्ध करतेय, म्हणजे त्याआधी कुणीतरी अशुद्ध केलं. कोणी? मी? मी तर वाळूतून वाचवून आणलं होतं. कोरडं खडखडीत, उन्हाच्या वासाचं धुणं. माझ्या हातात असताना त्याला काहीच झालं नव्हतं. काकूंनी पाहिलं, आणि ते खराब झालं. त्यांच्या तोंडातून शब्द निघाला आणि झालं. माझ्या हातात काही नव्हतं. करणारा हात दुसऱ्याचाच होता. आणि तो शतकानुशतकं करत आला होता. माझ्या आजीला, पणजीला. आम्ही तसे नव्हतो, आम्हाला केलेलं होतं. मी वहीवरून मान वर केली. त्या दिवसानंतर मी ती पुन्हा तशी घातलेली नाही.

दिवेलागणीच्या आधी बाबा आले. आंधीमुळे मी अडकले असेन म्हणून ड्यूटीवरून तसेच, वर्दीत, कुणाची तरी सायकल मागून. त्यांना बघून काकू बाहेर आल्या. आवाज अगदी गोड. “हवालदार, पोर आहे, मला समजतं. पण श्राद्धाचं सोवळं होतं हो. उद्या भटजी यायचेत. तुम्ही घरात जरा सांगून ठेवायला हवं होतं तिला.”

बाबांना एका वाक्यात सगळं कळलं. त्यांना समजायला वेळ लागला नाही, याचंच मला वाईट वाटलं. त्यांनी टोपी काढली. वर्दीतल्या माणसानं दोन्ही हात जोडले.

“चुकलं जी पोरीचं. लहान हाय. तिले नाई समजत. माफ करा, ताई.”

माझे बाबा. छावणीत त्यांच्या एका हाकेवर जवान रांगेत उभे राहायचे. ते वाळूनं भरलेल्या व्हरांड्याच्या खालच्या पायरीवर, हात जोडून उभे होते. वरती चढलेही नव्हते.

“छे छे, माफी कसली,” अण्णा म्हणाले. “हुशार आहे हो तुमची मुलगी. येऊ दे तिला रोज. मी हिला मॅट्रिकला इंग्रजीत पहिली आणून दाखवतो. फक्त मागे, वर जायचं नाही, एवढं पाळलं की झालं.”

बाबांच्या चेहऱ्यावर उजेड पडला. मी तो पाहिला. एवढ्यावर निभावलं, इंग्रजीची शिकवणी वाचली, म्हणून. “नाई जाणार जी,” ते माझ्या वतीनं म्हणाले.

मी उठले. आणि माझ्या तोंडून जी भाषा निघाली ती अण्णांनी दुरुस्त केलेली नव्हती.

“अण्णा, तुमी म्हनले, फाय लागला का ते कोनतरी केलेलं असते. मंग त्या कपड्यायले खराब कोनं केलं? मी त सुकलेले, साफ कपडे आनले होते.”

 काकूंचं तोंड उघडं राहिलं. बाबा हलके “बाई” म्हणाले.

आणि अण्णांचे डोळे लुकलुकले. त्यांनी मांडीवर थाप मारली.

“वा! क्या बात है! बरोबर कर्त्यावर बोट ठेवलंस. हेच मी मघापासून सांगत होतो.” ते काकूंकडे वळले. “बघितलंस? किती पटकन उचललंन पोरीनं. आमच्या एम.ए.च्या पोरांना नाही सुचायचं.”

ते माझ्याकडे कौतुकानं बघत राहिले. मीही हसेन म्हणून थांबले. प्रश्नाचं उत्तर त्यांनी दिलं नाही. उत्तर द्यायचं असतं हेच त्यांच्या गावी नव्हतं. त्यांच्या लेखी मी प्रश्न विचारलाच नव्हता, एक उत्तम उदाहरण दिलं होतं. मागच्या पायऱ्यांवरून अजून पाणी ओघळत होतं आणि ते मला शाबासकी देत होते.

काकूंचा राग मी समजू शकले. अण्णांची शाबासकी मला सोसेना. काकूंनी मला दूर ठेवलं, ते उघड होतं. या माणसानं मला सगळं कळेल इतकं शिकवलं, आणि कळल्यावर काय करायचं ते मात्र त्याच्या शिकवण्यात कुठंच नव्हतं. माझं मन तिथं तुटलं. माझा त्यांच्यावर जीव होता. खरंच होता.

मी वही उचलली. म्हटलं, “मी नाई येणार उद्यापासून.”

“अगं, रागावलीस होय?” अण्णा म्हणाले. मी पायऱ्या उतरून बाबांच्या शेजारून पुढं निघून गेले. फाटकाशी थांबले. मागं बाबा पुन्हा काहीतरी बोलत होते, पुन्हा हात जोडत होते. मी तिकडे बघितलं नाही.

घरी येताना रस्त्यावर वाळू साचली होती, सायकली चालेनात. हातात धरून चाललो. मला वाटलं होतं बाबा चिडतील. ते चिडले नाहीत. रेल्वेचं फाटक ओलांडताना एवढंच म्हणाले, “आता इंग्रजी कोन शिकवीन तुले?” त्यांचा आवाज इतका थकलेला मी कधी ऐकला नव्हता. मला रडू फुटलं. मी त्यांची स्वप्नं मोडत होते, आणि मला दुसरं काही करता येत नव्हतं.

आई क्वार्टरमधली वाळू झाडत होती. बाबांनी तिला झालेलं सांगितलं.  केरसुणी खाली ठेवून बाबांकडे बघत म्हणाली, “तुमी हात जोडले?” बाबा बूट सोडत बसले. ती रात्रभर त्यांच्याशी बोलली नाही.

मी पुन्हा त्या रस्त्यानं गेले नाही. अण्णांनी गणपतीत बाबांजवळ निरोप दिला, पोरीला पाठवा म्हणून. मी गेले नाही. इंग्रजी मी बाजारातल्या स्वस्त गाइडांतून शिकले. हिंदीत अर्थ, हिंदीत उच्चार, निम्मे चुकीचे. शब्दकोश उघडून एकटीनं फाय शोधत बसायचे. विचारायला कुणी नव्हतं. अडलं की त्या व्हरांड्याची आठवण यायची आणि मी दात चावून पुढचं पान उलटायचे. दहावीला इंग्रजीत काठावर पास झाले. बाकी विषयांत चांगले मार्क, इंग्रजीनं खाली ओढलं. जिथं जायचं होतं त्या कॉलेजात नाव लागलं नाही. रोहिणीचं लागलं. ते दुखलं. तिचा दोष नव्हता, तरी दुखलं.

कॉलेजचे प्रिन्सिपल अण्णांना मानायचे, हे सगळ्या मराठी मंडळींना ठाऊक होतं. अण्णांनी एक शब्द टाकला असता तर माझं काम झालं असतं. रविवारी सकाळी मी उठले तर बाबांनी दाढी केली होती. वर्दीला इस्त्री केली होती. सुट्टीच्या दिवशी वर्दी. सायकल दाराबाहेर काढून ते तिची सीट फडक्यानं पुसत होते. ते कुठं निघालेत ते मला विचारावं लागलं नाही.

“जाऊन येतो,” ते म्हणाले. “मानूस वाईट नाई तो. तुले अजून इचारते. दोन शब्द नरमाईनं बोललं त काय बिघडते?”

मी दारात उभी राहिले. कॉलेज मला हवं होतं. फार हवं होतं. बाबांना जाऊ दिलं असतं तर मी गप्प बसले असते इतकंच, मला हातही जोडावे लागले नसते. ते त्यांनी जोडले असते, माझ्यासाठी. पुन्हा खालच्या पायरीवर. आणि अण्णा पुन्हा ‘छे छे, माफी कसली’ म्हणाले असते.

“बाबा, सायकल आत घ्या.”

“अवं पन—”

“त्यायनं आधी सांगाव, कपडे कोनं खराब केले ते. मंग मी सोता जाईन. तवरिक माह्या नावानं कोनापाशी हात जोडाचे नाई. तुमी नाई, मी नाई. कॉलेज नाई भेटलं त नाई भेटलं. शिकीन त उभ्यानं शिकीन.”

आई आतून बाहेर आली आणि माझ्या मागे येऊन उभी राहिली. बाबा आम्हा दोघींकडे बघत राहिले. त्यांचे डोळे भरले होते. त्यांना लागलं, मला दिसलं. तरी मी दारातून हलले नाही आणि एकही शब्द मागे घेतला नाही. आजवर घेतलेला नाही.

बाबांनी सायकल आत घेतली.